कामवारीकाठची पायवाट आणि तिचा हिशेब

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘पंचवीस वर्षांची वाटचाल’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. वाटचाल म्हटल्यावर पहिला प्रश्न डोक्यात आला तो असा, की आपल्या शेलारमध्ये चालायचं कुठे? सकाळी पाय मोकळे करायला निघालं की भिवंडी-वाडा रस्ता. एका बाजूला कंटेनर, दुसऱ्या बाजूला उघडं गटार. आमच्या वयाची मंडळी शेवटी गच्चीवर फेऱ्या मारतात. आणि इथून हाकेच्या अंतरावर कामवारी नदी आहे! नदीनाका हे नाव आपण दिवसातून दहा वेळा घेतो, पण नदीकडे बघतो ते गणपती विसर्जनाला आणि पूर आला की.

नदीकाठी चालण्यासाठी एक साधी पायवाट व्हावी आणि ती सरकारी पैशातून व्हावी, अशी मागणी आपल्यापैकी काही जणांनी केली आहे. माझा तिला पाठिंबा आहे. पण आयुष्य बँकेत कर्जप्रकरणं तपासण्यात गेलं, त्यामुळे पैसा कुठून येणार आणि नंतर कोण भरणार, हे विचारल्याशिवाय माझी सही होत नाही.

आधी शेजारी काय झालं ते बघा. ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि नाशिक ही शहरं सप्टेंबर २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेत निवडली गेली. केंद्राचे प्रत्येक शहराला पाच वर्षांत ५०० कोटी आणि तेवढाच वाटा राज्य व पालिकेचा, असं ते गणित. ठाणे-कल्याणच्या खाडीकिनाऱ्याची कामं त्यातच घेतली गेली. भिवंडी त्या यादीत नव्हती, आणि आपण तर भिवंडी महापालिकेतही नाही. आपली ग्रामपंचायत. तेव्हा ठाण्याला मिळालं मग आम्हाला का नाही, हा वाद घालण्यात अर्थ नाही. आपली खिडकीच वेगळी आहे.

पुण्याचं उदाहरण जास्त शिकवणारं आहे. मुळा-मुठेच्या काठाचा ४४ किलोमीटरचा विकास प्रकल्प, अंदाजे खर्च ४,७२७ कोटी. आणि त्याच नदीत जाणारं मैलापाणी शुद्ध करायचा प्रकल्प, जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून, मूळ आकडा ९९० कोटी. त्याचा करार जानेवारी २०१६ चा, पायाभरणी मार्च २०२२ ची! म्हणजे काठ सजवायला जे लागणार, त्याच्या पाव हिश्शाहून कमी पाणी स्वच्छ करायला, आणि तेही सहा वर्षं रखडलेलं. नाक दाबून कोण फिरणार हो त्या काठावर?

आपल्या कामवारीची तीच गत आहे. रंगीत पाणी कारखान्यांचं, हे आपण लगेच म्हणतो आणि ते खोटं नाही. पण आपल्या इमारतींचं सांडपाणी गटारातून नाल्यात आणि नाल्यातून कुठे जातं? वाड्याला तर जात नाही. म्हणून माझं म्हणणं, मागणी जोडीनं करा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामपंचायतींचा ६० टक्के निधी बंधित ठेवला. त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पाण्यासाठी. पुढे टक्केवारी बदलेल, पण सांडपाण्याचं काम बसतं ते अशा पैशात. पायवाट त्यात बसत नाही. तिच्यासाठी जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी, खासदार निधी ही दारं ठोठवावी लागतील.

आता खरी मेख. हे निधी बांधायला पैसे देतात, सांभाळायला देत नाहीत. खासदार निधीत तर देखभाल कोण करणार याची हमी आधीच लागते. आपल्या संस्थेचंच बघा ना. उपविधीप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि पाव टक्का सिंकिंग फंड. दर वार्षिक सभेत त्यावरून कुरकुर होते, पण मागच्या पावसाळ्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं ते त्याच पैशातून. पायवाटेलाही असाच निधी हवा. पंचायतीच्या घरपट्टीतून वर्षाला ठरावीक रक्कम बाजूला काढायचा ठराव झाला पाहिजे, आणि त्यातली आपल्या वाट्याची घरपट्टी आपण वेळेवर भरली पाहिजे. (इथे काही जण छताकडे बघू लागले आहेत.)

शिवाय थाटमाट नको. ऑगस्ट २०१६ च्या गोदावरीच्या पुरात नाशिकच्या गोदापार्कची केवढी नासधूस झाली! कामवारीचा पूरही काही लहान नसतो; २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. निळ्या पूररेषेच्या आत इमारत बांधायला मनाईच आहे, बाग किंवा मैदान चालतं. तेव्हा मुरमाची वाट, स्थानिक झाडं, बसायला चार दगडी कट्टे. पाणी वरून गेलं तरी ओसरल्यावर फावड्यानं साफ करता येईल असं. ग्रॅनाइट आणि रंगीत दिवे पहिल्याच पुरात जातील, बिल मात्र राहील. आणि लोकांची रोजची ये-जा असली की तिथे डेब्रिजचा ट्रक रिकामा करायला माणूस दोनदा विचार करतो, हा फायदा तर फुकटातला.

‘आधी रस्ते धड करा, मग फिरायच्या वाटा’ असं आमचे एक मित्र म्हणतात. त्यांचं मी समजू शकतो. पण खड्डे बुजेपर्यंत थांबायचं ठरवलं तर नदीकाठची जागा शिल्लक राहणार नाही. गोदामं किती वेगानं उठतात ते आपण रोज बघतोय.

हे सगळं ठरतं ग्रामसभेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तिच्या नेहमीच्या तारखा. आपल्या संस्थेतून तिथे किती जण जातात, हे मी विचारत नाही. विकास आराखड्यात काम आलं तरच पुढे पैशाचं बोलता येतं. अर्जाचा मसुदा मी तयार केला आहे. त्यात तीन मागण्या आहेत: नाल्यावर सांडपाण्याची व्यवस्था, नदीकाठाची मोजणी आणि पूररेषेच्या खुणा, आणि देखभालीच्या तरतुदीसह पायवाट. क्रम मुद्दाम तोच ठेवलाय. अर्ज सचिवांच्या टेबलावर आहे, जेवण झाल्यावर वाचा, पटला तर सही करा. पेन मी ठेवलाय, पण दोरीनं बांधलेला आहे. बँकेतली सवय!