परक्याच्या हातून

होसकोटे हे नाव मराठी मनाला अगदीच परके नाही. शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत या गावाचा समावेश होता. आज बंगळूरहून कोलारकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील हे गाव कारखान्यांनी आणि मालमोटारींनी गजबजलेले असते. अशा गावी दिवेलागणीच्या सुमारास मद्याच्या दुकानापाशी एक सोळा वर्षांचा मुलगा घुटमळत उभा आहे, अशी कल्पना करावी. एका प्रौढ गिऱ्हाइकापुढे तो नोटा धरतो आणि हळूच म्हणतो, "अण्णा, एक बाटली आणून द्याल?" मुलगा अनोळखी, विनंती क्षुल्लक, पैसेही त्याचेच. त्या गृहस्थाने काय करावे?

कर्नाटकाच्या १९६५ च्या अबकारी कायद्यात १८ वर्षांची मर्यादा आहे; १९६७ च्या नियमांत मात्र २१ वर्षांची. २०२३ च्या जानेवारीत ती १८ वर आणण्याचा मसुदा सरकारने प्रसिद्ध केला आणि लोकांचा विरोध होताच मागे घेतला. या तफावतीकडे बोट दाखवून कायद्यालाच निश्चय नाही, असे कोणी म्हणेल. परंतु सोळा वर्षांचा मुलगा दोन्ही रेषांच्या अलीकडेच राहतो. शिवाय २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे ७७ वे कलम केवळ दुकानदारापुरते नाही. वैद्यकीय आदेशावाचून बालकास मद्य देणारा कोणीही सात वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीस आणि एक लाखापर्यंतच्या दंडास पात्र ठरतो.

तथापि शिक्षेच्या भयाने आलेले शहाणपण फार काळ टिकत नाही. "मी नाही दिली तर दुसरा देईल," हा युक्तिवाद त्यापेक्षा चिवट असतो. होसकोट्याच्या मोठ्या तलावाचा बांध कोठेतरी फुटेलच, म्हणून आपणच त्यावर कुदळ चालवावी, असे कोणी म्हणत नाही. मद्याच्या बाबतीत मात्र ते सहज म्हटले जाते.

खरा प्रश्न उत्तरदायित्वाचा आहे. मुलगा उपाशी आहे का, मोटारसायकल घेऊन आला आहे का, बाटली एकटाच रिती करणार आहे का, यांतले काहीच त्या गृहस्थास ठाऊक नसते. बाटली देऊन तो आपल्या वाटेने जातो. परिणाम मागे राहतो. १९ मे २०२४ च्या उत्तररात्री पुण्याच्या कल्याणीनगर भागात मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. चालविणारा मुलगा १७ वर्षांचा होता. त्यास मद्य पुरविल्याच्या आरोपावरून मद्यालयांशी संबंधित व्यक्तींवरही गुन्हा नोंदला गेला. न्यायालयाचा निर्णय काहीही होवो, त्या दोन घरांची हानी भरून येणार नाही.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्याच अधिनियमाचे ७८ वे कलम मद्य आणण्या-नेण्यासाठी बालकास वापरणे हा गुन्हा मानते. आणि तरीही, "जा रे, कोपऱ्यावरून घेऊन ये," असे सांगणारे वडीलधारे आपल्याकडे थोडे नाहीत. ज्या मुलाने दुकानाची वाट अशी पाहिली, त्याला परक्याने उपदेश करावा, यात विसंगती आहे. नकाराचा आरंभ घरातूनच व्हावयास हवा.

मुलगा परक्याकडेच का येतो? कारण ओळखीचे सारे नाही म्हणतील, हे तो जाणतो. त्याच्याभोवतीच्या कुंपणात तो परका माणूस ही शेवटची काठी असते. तिने अपमान न करता, आवाज न चढवता, "नाही रे बाळा," एवढेच म्हणून ताठ उभे राहावे. मुलगा रागावेल, कदाचित दुसऱ्याकडे जाईल. परंतु एका अनोळखी माणसालाही आपली काळजी वाटली, हे तो घरी घेऊन जाईल.