उताणं विमान

रिमोटवरचं मॉडेल विमान सरळ उडवणं वेगळं आणि त्याला कोलांटी मारायला लावणं वेगळं. सुरुवात होते ती लूपनं, म्हणजे उभ्या गोलानं. मोटर पूर्ण जोरात आणि एलेव्हेटरची, म्हणजे नाक वर-खाली करणारी, दांडी हळूच मागे. विमान चढत जाऊन माथ्यावर उताणं होतं. तिथं वेग मंदावलेला असतो, म्हणून दांडी जरा सैल सोडायची. नाहीतर गोलाचा चेपलेला लाडू होतो. उतरताना मोटर कमी.

खरी फजिती उताण्या उड्डाणात. नाक खाली झुकू लागलं की सवयीचा हात दांडी मागे ओढतो आणि विमान थेट जमिनीकडे! इथं दांडी पुढे ढकलायची असते. आणखी एक गंमत: सरळ विमान आपल्याकडे तोंड करून येताना डावं-उजवं उलटं वाटतं. त्यावर सोपी खूण म्हणजे, जो पंख खाली झुकलाय, त्याच बाजूला दांडी न्या.

हे सगळं अंगवळणी पडेपर्यंत संगणकावरचा सिम्युलेटर बरा. तिथं विमान आपटलं, तर बटण दाबून नवं मिळतं. मैदानात मात्र पिशवीत तुकडे गोळा करावे लागतात.

आणि हो, २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतची मॉडेल विमानंही येतात. ती नजरेच्या टप्प्यातच उडवायची. तेव्हा मैदानावर निघण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडा आणि आपली जागा हिरव्या क्षेत्रात आहे ना, ते पाहून घ्या.