काम मागा, पावती घ्या



आज चाकूरला आपण बेकारीविषयी बोलणार आहोत. काम नसलेल्याला मदत मिळते. पण ती खरी की नुसती नावाची, हे ओळखायचं कसं?

शिकलेला मुलगा कचेरीत नाव नोंदवतो. त्याला वाटतं, आता बोलावणं येईल. वर्ष सरतं, बोलावणं येत नाही. असं का? १९५९ साली एक कायदा झाला. मोठ्या मालकांनी रिकाम्या जागा सेवायोजन कचेरीला कळवाव्यात, असं त्यात होतं. पण नोंदलेल्यालाच कामावर घ्यावं, अशी सक्ती नव्हती. नाव लागलं म्हणजे काम मिळालं, असं नव्हे.

आता दुसरी तऱ्हा पाहू. जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यावं, ही कल्पना वि. स. पागे यांनी मांडली. १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगावकडे तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बायाबापड्यांनी खडी फोडून दिवस काढले. पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचं, नाही तर बेकारभत्ता द्यायचा, असं त्यात ठरलं. पैशासाठी पगारदारांवर व्यवसायकर बसवला. २००५ साली साऱ्या देशासाठी असा कायदा झाला.

ही मदत सरस का? कारण तिला मुदत होती. मुदत चुकली, तर जबाबदारी सरकारवर होती.

तरीही कितीतरी जणांना भत्ता मिळाला नाही. त्यांनी काम तोंडी मागितलं होतं. कागद नाही, तारीख नाही. मग १५ दिवस मोजायचे कुठून? हाताला काम नसलं की माणूस मुकादमाची उचल घेतो. बायकापोरांसह ऊसतोडीला जातो. पोरांची शाळा बुडते.

म्हणून कोणी मदत देऊ केली, तर आपण तीन गोष्टी विचारू या. काम केव्हा मिळेल? मजुरी किती? काम मिळालं नाही, तर जबाबदार कोण?

कायदे बदलत राहतात. २०२५ मध्येही संसदेने ग्रामीण रोजगाराचा नवा कायदा मंजूर केला. पण कायदा कोणताही असो, पुरावा कागदाचाच लागतो. आपण अक्षरं शिकतो ती यासाठीच. अर्ज आपल्या हाताने लिहू. त्यावर तारीख घालू. पावती मागू, ती वाचून पाहू आणि जपून ठेवू.