भिंत बघून बिट घ्या



आमच्या गटाने बचतीतून एक ड्रिल मशीन घेतलं, त्याला आता दोन वर्षं होतील. गटातल्या बायका ते पाळीपाळीने घरी नेतात, गावात भाड्यानेही देतो. देवघराची फळी, पडद्याचा रॉड, सोलर दिव्याची पट्टी, शेळ्यांच्या गोठ्याचा पत्रा, एक ना दोन, कामं निघतच राहतात. मशीन आलं तेव्हा आम्हाला वाटलं, बटण दाबलं की भोक पडतं, त्यात शिकायचं काय? पहिल्या तीन महिन्यांत अकरा बिटं जाळली नाहीतर मोडली. आणि आमच्यातल्या एकीचा पदर मशीनमध्ये गेला. आधी तेच सांगतो.

ती ताई स्टुलावर उभी राहून खिडकीवर भोक पाडत होती. मशीनच्या बटणाशेजारी एक लहान कळ असते. ती दाबली की बोट काढलं तरी मशीन चालूच राहतं. बोट दुखतं म्हणून तिने ती दाबून ठेवली होती. खिळा घ्यायला वाकली, पदर सुटला आणि फिरत्या चकमध्ये गेला. डोळ्याचं पातं लवायच्या आत पदराचं वेटोळं झालं आणि मशीन गळ्याकडे ओढलं गेलं. सासूबाई घरात होत्या, त्यांनी धावत जाऊन वायर बोर्डातून उपटली. गळ्यावर ओरखडा आणि मनगटाला मुका मार, एवढ्यावर निभावलं. त्या पदराचा फाटका तुकडा आम्ही मशीनच्या पेटीतच ठेवलाय. कोणी मशीन न्यायला आली की आधी तो हातात देतो.

म्हणून आमच्या गटात ती कळ दाबायची नाही, कितीही बोट दुखो. खुरपायला, काढणीला जाताना आपण साडीवर घरधन्याचा जुना शर्ट चढवतो ना, तोच इथेही चढवायचा. बटणं लावायची, पदर आत खोचायचा, मंगळसूत्र शर्टाच्या आत. ओढणी काढून ठेवायची, वेणीचा अंबाडा घालायचा. डोळ्यांना चष्मा, तोंडाला रुमाल. हातमोजे मात्र नकोत. सैल मोजाही पदरासारखाच गुंडाळला जातो.

आता बिटाकडे येऊ. आम्ही पहिल्यांदा बिटं आणायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, “कोणतं बी चालतं ताई, भोकच पाडायचं ना?” आम्ही विश्वास ठेवला. लोखंडाचं बिट विटेच्या भिंतीत घातलं, धूर निघाला, टोक निळं पडून बोथट झालं. बिटाचं टोक बघायला शिका, मग कोणी फसवणार नाही. वीट, काँक्रीट, दगडाच्या बिटाच्या टोकावर एक वेगळी जाड पट्टी आडवी बसवलेली दिसते, आणि ती अंगापेक्षा किंचित रुंद असते. ती कार्बाइडची. हे बिट घासून, ठोकून वाट काढतं. लोखंडाच्या बिटाला अशी पट्टी नसते. टोकालाच दोन धारा असतात, त्या कापतात. त्याला एचएसएस म्हणतात. लाकडाच्या बिटाला मधोमध सुईसारखं टोक असतं, त्यामुळे ते जागेवरून सरकत नाही. भिंतीच्या टाइलला भाल्याच्या पात्यासारखं बिट मिळतं. आणखी एक जात आहे, जिच्या मागच्या टोकाला खाचा असतात. ती मोठ्या रोटरी हॅमरची, आपल्या मशीनमध्ये बसत नाही. स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका, आम्ही घेऊन बसलोय.

मशीनवर हातोडीचं चित्र असलेली कळ असते. ती फक्त वीट आणि काँक्रीटसाठी. लाकूड, लोखंड, टाइल, शहाबादी फरशी यांना हातोडी बंद. फरशीवर चिकटपट्टी लावायची, पट्टीवर खूण करायची आणि हळू वेगाने सुरुवात करायची. हातोडी लावली तर फरशी तडकते. ती कोणाच्या घरची तडकली हे विचारू नका.

आपल्या जिल्ह्यात भिंतीचीही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला, त्याने लोहारा, उमरगा तालुक्यांतली सास्तूरसारखी गावं कोसळली. माती-दगडाच्या जाड भिंती माणसांच्या अंगावर आल्या. नंतर जी पुनर्वसनाची घरं उभी राहिली, त्यांच्या भिंतींतून काँक्रीटचे पट्टे फिरवलेले आहेत, आत लोखंडी सळ्या. एक पट्टा दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या घराला कमरपट्ट्यासारखा जातो. त्या वेळी गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून घरोघर जाऊन, जुन्या भिंती कशा बांधून घ्यायच्या ते सांगत होत्या. त्यातल्या एक मावशी आमच्या बैठकीला येतात, पट्ट्याचं त्यांनीच समजावलं.

पडद्याचा रॉड नेमका त्याच उंचीवर लागतो. बिट आत जायचं थांबलं, आवाज बदलून किरकिर झाला, लाल-राखाडी भुकटीऐवजी चकाकणारा चुरा आला, तर समजा सळई लागली. जोर लावू नका. बिट जळेल, आणि सळई कापली तर घराचं नुकसान. चार-पाच सेंटिमीटर बाजूला दुसरं भोक घ्या. काँक्रीटमधल्या लहान भोकाने काही बिघडत नाही, सळई तेवढी राखायची.

जुन्या माती-दगडाच्या भिंतीला हातोडीचं मशीन लावूच नये असं आमचं मत आहे. हादऱ्याने सांध्यातली माती गळते, दगड सैल होतो. तिथे फळीला लाकडी खांबांचा आधार द्या. आणि भिंत कोणतीही असो, बोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडू नका. वायर बहुतेक तिथूनच गेलेली असते.

भिंतीत स्क्रू धरायला प्लास्टिकची गिट्टी घालतात. गिट्टी सहाची तर बिटही सहाचंच. मोठं बिट घेतलं की गिट्टी फिरते आणि महिन्याभरात फळी खाली. किती खोल जायचं त्या मापाला बिटावर चिकटपट्टी गुंडाळा. भोकातली भुकटी तोंडाने फुंकू नका, डोळ्यात येते. सायकलच्या पंपाने हवा मारा.

बिट चकमध्ये बसवताना आणि काढताना वायर बोर्डातून काढलेली पाहिजे. चकला तीन भोकं असतात. आपण एकाच भोकात चावी फिरवून मोकळे होतो. तिन्हीत फिरवा, नाहीतर बिट तिरकं धरलं जातं. मग चावी काढा. चावी तशीच राहिली आणि बटण दाबलं तर ती गोळीसारखी उडते. बसवलं की क्षणभर मोकळं फिरवून बघा. टोक एका जागी दिसलं पाहिजे, गोल गोल नाचत असेल तर बिट वाकलंय.

पत्र्याचं काम सगळ्यात फसवं. पातळ पत्रा सोपा वाटतो, पण बिट पलीकडे निघता निघता पत्र्यात अडकतं, पत्रा हातातून सुटून भिंगरीसारखा फिरतो आणि बोटं कापतो. पत्रा लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवा, शिकंजाने आवळा, हाताने धरू नका. खिळ्याने बारीक खळगा करून घ्या म्हणजे बिट सरकणार नाही. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा आणि सावकाश चालवा.

बिट बोथट झालं की ते स्वतःच सांगतं. लोखंडातून वेटोळी निघायची ती बंद होऊन नुसता भुगा निघतो, शिट्टीसारखा आवाज येतो, धूर येतो. तेव्हा आपण काय करतो? सगळं अंग टाकून दाबतो. बिट तिथेच मोडतं आणि आपला तोल भिंतीवर जातो. आमच्या बहुतेक इजा अशाच झाल्या, नव्या बिटाने फार थोड्या. लोखंडाचं बिट वर्कशॉपमध्ये घासून धार लावून मिळतं. कार्बाइडचं साध्या सहाणेवर नीट होत नाही, ते बदलायचं. आणि तापलेलं कार्बाइडचं बिट पाण्यात बुडवू नका, टोकाची पट्टी तडकते. मध्ये मध्ये थांबा, बाहेर काढा, आपोआप निवू द्या. तोवर चहा होतो.

आमच्या शिलाईवाल्या दोघींनी जुन्या जीन्सचा एक बटवा शिवलाय. त्याला आडवे कप्पे आहेत आणि प्रत्येकावर रंगीत दोऱ्याने आकडा काढलाय, 5, 6, 8, 10. विटेची बिटं एका बाजूला, लोखंडाची दुसऱ्या. काम झालं की पुसून, तेलाचा हात फिरवून ज्याच्या त्याच्या घरात. रजिस्टरमध्ये पूर्वी फक्त नाव आणि भाडं लिहायचो. आता बिट परत आलं की टोक बघून लिहितो, ‘ठीक’ किंवा ‘बोथट’. बोथट आणलं म्हणून दंड नाही. लपवून ठेवलं तर मात्र दंड आहे, कारण पुढची बाई ते नवं समजून जोर लावणार.

दर रविवारी दुपारी बैठकीनंतर आम्ही एका जुन्या विटेवर आणि पत्र्याच्या तुकड्यावर भोकं पाडून दाखवतो. यायचं असेल तर या. जुना शर्ट घरूनच घालून या.