झोपेतला माणूस आणि घरातला साक्षीदार



रात्रीचे जेवण उरकून आलेल्या श्रोत्यांपुढे झोपेवर व्याख्यान देणे हे मोठे धाडसाचे काम आहे. आपल्यापैकी कोणी या विषयाचे प्रात्यक्षिक करून दाखविले तरी आम्ही रागावणार नाही. मात्र त्याच्या शेजाऱ्याने जागे राहावे, एवढीच विनंती आहे. कारण आज आम्हाला जे सांगावयाचे आहे ते झोपणाऱ्यापेक्षा त्याच्या शेजारच्यासाठीच अधिक आहे.

झोपलेला माणूस निपचित पडून असतो, असे आपण धरून चालतो. परंतु कोणत्याही घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा. ती सांगेल, अमका झोपेत बरळतो, तमका दात खातो, धाकटा किंचाळून उठतो, थोरला चालत दारापर्यंत जातो, आणि आजोबा लाथा झाडतात. या सगळ्यांचे आपण एकच गाठोडे बांधतो. त्यावर लिहितो ‘स्वप्न पडले असेल’ आणि ते माळ्यावर टाकून देतो. हे गाठोडे आज थोडे सोडून पाहावे, असा आमचा विचार आहे. त्यासाठी प्रथम आमच्याच घरातल्या दोन हकीकती सांगतो.

पहिली आमच्या लहानपणची, वाड्यातली. आमचा धाकटा चुलतभाऊ तेव्हा नऊ वर्षांचा होता. एका रात्री, सगळ्यांची नुकतीच कोठे निजानीज झाली होती, तोच आजीला मागील दाराची कडी वाजलेली ऐकू आली. कंदील घेऊन ती गेली, तो हा मुलगा परसातल्या आडाच्या काठावर पाय आत सोडून बसलेला! डोळे उघडे, चेहरा कोरा. हाक मारली तर ओ नाही. सकाळी विचारले तर त्याला काहीच ठाऊक नाही. तिसऱ्यांदा असे झाल्यावर पिंपळावरच्या मुंज्याचे नाव निघाले, देवऋषी आला, अंगारा झाला, आणि पोराच्या पाठीवर छडीही उठली. आजोबांनी मात्र आपल्या पायाला आणि त्याच्या पायाला एक सुती दोरी बांधली. तेराव्या वर्षापर्यंत त्याचे चालणे आपोआप थांबले. श्रेय देवऋष्याला मिळाले. दोरीचे नाव कोणी काढले नाही.

दुसरी हकीकत आमच्या वडिलांची. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. चाळीस वर्षे शाळेत शिकवून ज्यांनी एका मुलाच्या अंगाला हात लावला नाही, असा तो मनुष्य. १९९१ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ते पहाटेच्या सुमारास झोपेत ओरडू लागले, मुठी वळून हात झाडू लागले. कधी स्वप्नात कुत्रे अंगावर येई, कधी चोर घरात शिरे. अण्णा त्याच्याशी झुंजत, आणि ठोसा बसे शेजारी झोपलेल्या आईला. काही दिवसांनी आईने आपले अंथरूण माजघरात नेले. ‘मला पंख्याचा वारा सोसत नाही’, असे तिने सर्वांना सांगितले आणि आम्ही मुलांनी ते खरे मानले. या हकीकतीचा शेवट शेवटी सांगू.

वरवर पाहता दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या वाटतात. दोघेही स्वप्न अंगाने वठवीत होते, असे कोणीही म्हणेल. वस्तुतः त्या झोपेच्या दोन निरनिराळ्या दालनांतल्या गोष्टी आहेत.

आपल्या मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती अशा अवस्था वेगळ्या सांगितल्या आहेत. म्हणून ऋषींनी मेंदूचा विद्युत्-आलेख काढला होता, असे कोणी समजू नये. पण स्वप्नाची झोप आणि स्वप्नरहित गाढ झोप एक नव्हे, हे त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते, एवढे खरे. प्रयोगशाळेत ही गोष्ट पुढे आली १९५३ साली. शिकागो विद्यापीठातील युजीन असेरिन्स्की या विद्यार्थ्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा लावून रात्र रात्र आलेख काढले. झोपेत काही काळ मिटल्या पापण्यांखाली बुबुळे भराभर फिरतात, असे त्याला दिसले. त्याचे गुरू क्लाइटमन यांनी आपल्या मुलीवर तोच प्रयोग करून खात्री करून घेतली. अशा वेळी माणसाला जागे केले तर तो बहुधा स्वप्न सांगतो. हीच स्वप्ननिद्रा, तिला शास्त्रज्ञ ‘रेम’ म्हणतात.

रात्रीचा क्रम साधारण असा असतो. आपण प्रथम गाढ झोपेत उतरतो. सुमारे दीड तासाने स्वप्ननिद्रेचा पहिला छोटासा फेरा येतो. पुन्हा गाढ झोप, पुन्हा स्वप्न, असे चार-पाच फेरे होतात. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात उरकतो आणि स्वप्ननिद्रेचे फेरे पहाटेकडे लांबत जातात. पहाटेची स्वप्ने खरी होतात, असे आपल्याकडे म्हणतात. ती खरी होतात की नाही हा प्रश्न सोडून द्या. पण पहाटे स्वप्ने अधिक पडतात आणि अधिक लक्षात राहतात, हे मात्र खरे.

आता निसर्गाची एक खबरदारी पाहा. स्वप्नात आपण धावतो, पोहतो, भांडतो, पण अंथरुणात मात्र पडून असतो. कारण स्वप्ननिद्रेच्या वेळी मेंदूच्या देठातून असा हुकूम सुटतो, की डोळ्यांचे आणि श्वासाचे स्नायू सोडून बाकीचे बहुतेक स्नायू लुळे पडतात. जणू स्वप्नाच्या खोलीला बाहेरून कडी घातलेली असते. फ्रान्समधील लिओं येथील मिशेल झुव्हे यांनी मांजरांवर प्रयोग केले. मेंदूच्या देठातला अगदी लहानसा भाग नष्ट केला, तर मांजर स्वप्ननिद्रेत उठे, नसलेल्या उंदरावर झडप घाली, नसलेल्या शत्रूवर फिसकारे. १९६५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. कडी काढली की स्वप्न बाहेर येते, हे त्या मुक्या प्राण्याने दाखवून दिले.

माणसांतही असे घडते, हे स्पष्ट व्हावयास आणखी एकवीस वर्षे गेली. १९८६ साली अमेरिकेतील मिनेसोटामध्ये शेंक आणि महोवाल्ड या डॉक्टरांनी पाच रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. चार पुरुष आणि एक स्त्री, सगळी साठ वा त्याहून अधिक वयाची. त्यांतले पुरुष झोपेत मारामारी करीत, बिछान्यातून उडी घेत, स्वतःला किंवा जोडीदाराला जखमी करीत. त्यांची कडी निखळली होती. आमच्या अण्णांचे नेमके हेच झाले होते. पण १९९१ साली आमच्या तालुक्याच्या गावी हे कोणाला ठाऊक असणार?

याच कडीचा उलटा प्रकारही पुष्कळांनी अनुभवला असेल. जाग येते, खोली दिसते, पण हातपाय हलत नाहीत, ओरडावे तर आवाज फुटत नाही, आणि छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते. त्याला कोणी हडळ म्हणते, कोणी मुंजा. येथे मन जागे झालेले असते आणि कडी उघडावयास थोडा उशीर झालेला असतो, इतकेच. काही क्षणांत ती उघडते. जागरण आणि उताणे झोपणे यांनी हा त्रास वाढतो. त्याला अंगाऱ्याची गरज नाही. वेळेवर झोप घ्यावी आणि कुशीवर झोपावे.

मग आडाच्या काठावरच्या मुलाचे काय? तो स्वप्नात नव्हताच. १९६८ साली रॉजर ब्रॉटन यांनी दाखविले, की झोपेत चालणे आणि मुलांचे रात्री किंचाळून उठणे हे प्रकार गाढ झोपेतून अर्धवट जागे होण्याचे आहेत. मेंदूचा काही भाग उठतो, काही झोपलेलाच राहतो. पाय चालतात, डोळे पाहतात, हात कडीही काढतो. पण हे सर्व जाणणारा जो कोणी, तो मात्र गाढ झोपेत असतो. म्हणून सकाळी आठवण नसते. मुलांमध्ये हे शंभरांत सुमारे पाच जणांना होते, आणि ते घराण्यातही चालते. २०१५ साली कॅनडातील क्विबेक प्रांतात सुमारे दोन हजार मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. आईबापांपैकी कोणीच लहानपणी झोपेत चालत नसेल, तर शंभरांत बावीस मुले केव्हा ना केव्हा चालली. एक जण चालत असेल तर सत्तेचाळीस. दोघेही चालत असतील तर बासष्ट. मुंज्या काही आईबापांची वंशावळ पाहून झाड निवडीत नाही.

तेव्हा घरच्या माणसाने ओळखावे कसे? पहिली खूण घड्याळाची. निजल्यापासून एक-दोन तासांत घडले तर बहुधा गाढ झोपेतले. पहाटेकडे घडले तर बहुधा स्वप्नातले. दुसरी खूण डोळ्यांची. चालणाऱ्याचे डोळे उघडे असतात, स्वप्नात झुंजणाऱ्याचे बहुधा मिटलेले. तिसरी खूण जागे केल्यावरची. चालणारा गोंधळतो आणि त्याला काही सांगता येत नाही. झुंजणारा चटकन भानावर येतो आणि स्वप्न सांगतो. चौथी खूण वयाची. पहिला प्रकार मुलांत अधिक, दुसरा पन्नाशीनंतर. अर्थात या खुणा घरच्यांसाठी आहेत, निदान डॉक्टरांनीच करावे. रात्री येणारी फेफऱ्याची झटक, घोरताना श्वास अडकणे, काही औषधांचा परिणाम, ही सोंगेही अशीच दिसतात. झोपेच्या काही गोळ्यांनीही माणसे झोपेत चालतात, स्वयंपाक करतात, गाडीसुद्धा हाकतात. म्हणून अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी २०१९ साली झोल्पिडेम आणि तशा गोळ्यांवर कडक इशारा छापावयास लावला.

मूल झोपेत चालत असेल तर त्याला मारू नये, हसू नये, गदागदा हलवू नये. खांद्यावर हात ठेवून हलकेच वळवावे, की ते आपल्या अंथरुणाकडे येते. झोपलेल्याला एकदम जागे करू नये, असे बृहदारण्यकातही सांगितले आहे. त्यामागचे त्यांचे कारण वेगळे होते. आमचे कारण असे, की घाबरलेले अर्धजागृत मूल हात उगारते, धडपडते. पण ते आडाच्या काठावर असेल तर जागे केल्याने जीव जातो ही भीती सोडावी आणि आधी त्याला धरावे. गच्चीचे दार, जिना, विहीर, चूल यांचा बंदोबस्त करावा. जागरण टाळावे. घोरत असेल तर नाक आणि घसा तपासून घ्यावा. रोज ठरावीक वेळी उठत असेल तर त्याआधी पंधरा-वीस मिनिटे त्याला अलगद जागे करून पुन्हा झोपवावे. काही आठवड्यांत पुष्कळदा गुण येतो. बहुतेक मुले मोठेपणी यातून बाहेर पडतात.

वृद्धांच्या बाबतीत मात्र आम्हाला इतका दिलासा देता येत नाही. ज्यांची स्वप्नाची कडी उतारवयात आपोआप निखळते, त्यांच्यापैकी पुष्कळांना पुढे कंपवात किंवा त्याच कुळातला स्मृतिभ्रंश होतो. २०१९ साली चोवीस केंद्रांतील १२८० रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत दर वर्षी शंभरांत सुमारे सहा जणांना, आणि बारा वर्षांत चारांपैकी जवळजवळ तिघांना, हा पुढचा रोग जडल्याचे दिसले. हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षे आधी झोप इशारा देते, आणि तो इशारा ऐकू जातो फक्त शेजारी झोपणाऱ्याला.

येथे कोणी विचारील, पुढचा रोग थांबविणारे औषध नसेल तर आधी कळून उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. असे औषध अजून हाती आलेले नाही. शोध चालू आहे. परंतु रात्रीचे झुंजणे मेलाटोनिन, क्लोनाझेपाम अशा औषधांनी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पुष्कळ आवरता येते. पलंग काढून गादी जमिनीवर घालता येते, उशाचा तांब्या आणि काचेचा दिवा दूर ठेवता येतो. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत आता रात्रभर झोपेचे परीक्षण करण्याची सोय आहे. आणि आणखी एक उपयोग आहे, तो आमच्या दृष्टीने सर्वांत मोठा.

१८७८ साली ग्लासगोमध्ये एका तरुणाने झोपेत, घरात हिंस्र पशू शिरला आहे असे वाटून, आपल्याच तान्ह्या मुलाला भिंतीवर आपटले. मूल दगावले. ज्यूरीने सांगितले, की या कृत्याच्या वेळी तो शुद्धीवर नव्हता आणि तो त्यास जबाबदार नाही. यापुढे एकटाच झोपेन, एवढ्या हमीवर त्याला सोडले. असे प्रसंग फार दुर्मिळ आहेत. पण झोपेतला हात कोणाचा, हा प्रश्न न्यायालयापेक्षा संसारातच अधिक वेळा उभा राहतो, आणि तेथे ज्यूरी बसत नाही.

आता अण्णांच्या हकीकतीचा शेवट सांगतो. २००२ साली त्यांचा उजवा हात थरथरू लागला. त्यांना घेऊन आम्ही शहरातल्या डॉक्टरांकडे गेलो. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी आईला सहज विचारले, “हे झोपेत हातपाय झाडतात का?” आई जमिनीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “अकरा वर्षं झाली.” अण्णांना स्वप्ने आठवत, ठोसे कोणाला बसले हे त्यांना ठाऊक नव्हते. ते म्हणाले, “मला का नाही सांगितलंस?” आई म्हणाली, “काय सांगायचं? तुम्ही मारता म्हणून?”

अकरा वर्षे ती बाई आपल्या दंडावरचे वळ पदराखाली झाकीत होती. दिवसा इतका शांत असलेला माणूस रात्री खरा कोण ते दाखवितो की काय, ही शंकाही तिच्या मनात येऊन गेली असेल. हा एक ठाऊक असलेला आजार आहे आणि त्यात नवऱ्याचा काही दोष नाही, एवढे एक वाक्य तिला कोणी सांगितले असते, तर त्या घरातली अकरा वर्षे निराळी गेली असती. ते वाक्य आम्ही आज येथे जाहीरपणे सांगत आहोत. या सभेत तशी एखादी भगिनी असेल तर तिने ते घरी घेऊन जावे.

झोपणाऱ्याला स्वतःच्या झोपेची साक्ष देता येत नाही. ती शेजारच्यानेच द्यावयाची असते. देवऋष्याकडे नव्हे, चार लोकांच्या कुजबुजीत नव्हे, तर त्या माणसाजवळ आणि डॉक्टरांजवळ.