कचऱ्याच्या नळीचं दार



आज एका दाराविषयी बोलायचं आहे. उंच इमारतीत प्रत्येक मजल्यावर, पॅसेजच्या टोकाला, भिंतीत एक लहानसं पोलादी दार असतं. ते ओढायचं, कचऱ्याची पिशवी आत सोडायची, की ती सरळ तळमजल्याच्या खोलीत जाऊन पडते. याला गार्बेज शूट म्हणतात. मोठी हॉस्पिटलं आणि हॉटेलं मळक्या चादरी-टॉवेल धुलाईला पाठवतात तेही अशाच नळीतून.

तुम्ही म्हणाल, आपल्या वाळूजच्या बजाजनगरात कुठे आल्या अशा नळ्या? खरं आहे. आपल्याकडे रो-हाउस, तीन-चार मजली अपार्टमेंट आणि सकाळची घंटागाडी. पण संडास-बाथरूमच्या पाइपांचा डक्ट तर आपल्याही इमारतीत आहे. त्यात वरून कोण काय टाकतं, हे गच्चीवरून एकदा वाकून बघा. शिवाय शहरात आता उंच इमारती उभ्या राहताहेत, आणि आपली मुलं तिथे फ्लॅट बघायला जाताहेत.

इमारतीतली कोणतीही उभी पोकळी आग लागली की धुराची चिमणी होते. हे आपल्याला आता कुणी समजावून सांगायला नको. 3 एप्रिल 2024 च्या पहाटे आपल्याच शहरात, छावणी भागात, तळमजल्यावरच्या कपड्यांच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर झोपलेली एकाच कुटुंबातली सात माणसं गेली. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या, धुराने ती गुदमरली, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. त्याच्या तीन महिने आधी, 31 डिसेंबरला, वाळूजच्या हातमोज्यांच्या कारखान्यात रात्री झोपलेले सहा कामगार आगीत गेले. ही दोन्ही दुःखं आपल्या घरातली आहेत.

नळीच्या दाराचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरातल्या हॉस्पिटलात 8 डिसेंबर 1961 रोजी कचऱ्याच्या नळीत आग लागली. नवव्या मजल्यावर नळीचं दार सुटलं आणि आग तिथून पॅसेजमध्ये घुसली. 16 जणांचा जीव गेला. त्याच मजल्यावर ज्यांच्या खोल्यांची दारं बंद राहिली, ती माणसं वाचली.

असं होऊ नये म्हणून आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत या नळीसाठी कडक अटी आहेत. नळीभोवतीची भिंत दोन तास आगीला टिकली पाहिजे आणि दार घट्ट बसणारं, एक तास टिकणारं हवं. नळी जिन्याच्या आवारात नको आणि वरचं तोंड छपरापेक्षा किमान 1 मीटर उंच हवं. शिवाय हे दार हात सुटताच आपोआप मिटलं पाहिजे आणि त्याची कडी आपली आपण लागली पाहिजे, हा अग्निसुरक्षेचा दंडक आहे.

आता खरी अडचण ऐका. आपोआप मिटायचं म्हणजे दाराला जोरदार स्प्रिंग आली. स्प्रिंग आली की दार ओढायला ताकद लागते. एका हातात वॉकर आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन आलेल्या आजींनी ते कसं उघडायचं? व्हीलचेअरवरच्या माणसाचा हात तिथे पोचणार कसा? आणि आपल्या वसाहतीत तर कारखान्यातल्या प्रेस मशीनवर बोटं गमावलेली माणसं आहेत. 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्या सुमाराला कामाला लागलेली पिढी आता निवृत्त झाली आहे. गुडघे गेलेत, मुठीत जोर राहिलेला नाही. गोल, गुळगुळीत नॉब पिळायला दोन बोटं पुरत नाहीत.

मग काय होतं? दारात विटेचा तुकडा अडकवला जातो, नाहीतर कडी सुतळीने बांधून टाकतात. हे आळसाने होतं असं मला वाटत नाही, माणसाचा नाइलाज असतो. पण आगीच्या वेळी एक तास टिकणारं ते महागडं दार उघडं असतं आणि नळीतला धूर थेट पॅसेजमध्ये येतो. दुबळ्या हातांची सोय बघितली की सुरक्षेत तडजोड होते, असं काही अभियंते म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. जे दार सगळ्यांना उघडता येतं, तेच बंद ठेवलं जातं.

हे जमण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या सुगम्यतेच्या नियमांनुसार दाराची मूठ एका हाताने चालवता आली पाहिजे, घट्ट पकडावी, चिमटीत धरावी किंवा मनगट पिळावं लागता कामा नये. ती जमिनीपासून 4 फुटांपेक्षा उंच नको, आणि पुढे व्हीलचेअर मावेल एवढी, अडीच फूट बाय चार फूट, मोकळी जागा हवी. मूठ चालवायला साधारण सव्वादोन किलोपेक्षा जास्त जोर लागू नये. आगरोधक दार ओढण्याच्या जोराला तिथेही या मर्यादेतून सूट आहे, कारण ते घट्ट मिटणं सक्तीचं आहे. पण मुठीचा आकार, तिची उंची आणि समोरची जागा यांत हयगय करायचं कारणच नाही. दांड्याची मूठ कोपरानेही दाबता येते. हवेच्या नाहीतर तेलाच्या दाबावर हळू मिटणारा क्लोजर लावला की बोटं चेंगरत नाहीत.

आपल्याकडेही 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 44 स्पष्ट सांगतं, की सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीला बांधकामाची परवानगी देऊ नये. तेव्हा नवा फ्लॅट बघताना मॉड्युलर किचनबरोबर पॅसेजच्या टोकाचं ते दारही बघा. पिशवी हातात धरून, एका हाताने ओढून बघा.

आणि जिथे राहता तिथे? महाराष्ट्राचा 2006 चा अग्निसुरक्षा कायदा ज्या इमारतींना लागू आहे, त्यांना दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घेऊन द्यावं लागतं. त्याला बी फॉर्म म्हणतात. एजन्सीचा तरुण मुलगा आला, की प्रत्येक दार त्याने एकट्याने उघडून बघू नये. मजल्यावरच्या सगळ्यात वयस्कर माणसाला बोलवा, त्यांना उघडू द्या. त्यांना ते उघडलं नाही, किंवा त्यांनी सोडल्यावर कडी लागल्याचा आवाज आला नाही, तर सोसायटीच्या सेक्रेटरींनी दार दुरुस्त झाल्याशिवाय तो कागद पुढे पाठवू नये.