निष्ठा प्रगतीच्या आड येते काय ?

खंडाळ्याच्या घाटांतून कोंकणांत उतरणाऱ्या प्रवाशास डोंगराच्या उतरणीवरून खालीं धांवणारे जाड लोखंडी नळ दिसतात. वर लोणावळें, वळवण आणि शिरवतें येथील तलाव, पायथ्याशीं खोपोली. दीड हजार फुटांहून अधिक उंचीवरून येणारें तें पाणी खोपोलीच्या वीजगृहांतील चक्रें फिरवितें आणि पुढें पाताळगंगेस मिळतें. हें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें. शेजारच्या कर्जत तालुक्यांतील भिवपुरीचें १९२२ सालीं. कल्पना जमशेटजी टाटांची. ते १९०४ सालीं निवर्तले, आणि त्यांच्या मागें त्यांच्या पुत्रांनीं ती तडीस नेली. मुंबईच्या गिरण्यांना कोळशाच्या जागीं पाण्याची शक्ति मिळाली. प्रगति हा शब्द उच्चारतांच डोळ्यांपुढें यावें असेंच हें काम आहे.

त्याच कर्जत तालुक्यांत १९४२ च्या उत्तरार्धांत ही वीज मुंबईकडे नेणारे मनोरे रात्रीच्या अंधारांत पाडण्यांत आले. पाडणारे देशनिष्ठ होते. तेव्हां सुधारणेच्या एखाद्या अभिमान्यानें सहज म्हणावें कीं, पाहा, निष्ठा प्रगतीच्या आड आली ! परंतु त्या मंडळींचा नायक कोण होता हें पाहूं गेलें म्हणजे हा निकाल इतका सोपा राहत नाहीं.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजीं माथेरान येथें एका नाभिक कुटुंबांत झाला. माथेरान म्हणजे गोऱ्या साहेबांचें आणि मुंबईच्या धनिकांचें हवा पालटण्याचें ठिकाण. तेथल्या गरिबाच्या मुलानें कोणा मोठ्या माणसाचा आश्रय धरावा, ही त्या काळची रूढ वाट. कोतवाल पुण्यास शिकले, वकील झाले, आणि परत येऊन तालुक्यांतील शेतकरी व आदिवासी यांच्यांत मिसळले. लोक त्यांना भाई म्हणूं लागले.

या मुलुखांत भात हेंच मुख्य पीक. आषाढांत लावणीच्या ऐन वेळीं कणगी रिकामी होते आणि कुळाला सावकाराचें दार गांठावें लागे. एक खंडी भात उचललें तर सुगीला सवाईनें सवा खंडी, दिढीनें दीड खंडी परत घालावयाचें. चार-पांच महिन्यांचें व्याज मूळ धान्याच्या चौथाईपासून निम्म्यापर्यंत ! खळ्यावर रास पडते न पडते तोंच तींतला मोठा वांटा गाडींत भरला जाई, आणि पुढच्या आषाढांत तेंच दार पुन्हां ठोठवावें लागे. यावर कोतवालांनीं धान्यकोठी काढली. सुगींत सर्वांनीं मिळून धान्य सांठवावें आणि पावसाळ्याच्या अडचणींत त्यांतूनच गरजूंस द्यावें, अशी ती साधी योजना. मुलांसाठीं शाळाहि काढल्या. त्यांची प्रगति अशी मापानें मोजतां येण्यासारखी होती.

असा मनुष्य विजेचा द्वेष्टा असेल हें संभवत नाहीं. पण ती वीज जात होती कोठें ? ठाकुरांच्या आणि कातकऱ्यांच्या मुलुखांतून तारा जात. खालच्या वाडींत रॉकेलची चिमणी मिणमिणे. ज्या गिरण्यांस ती पोंचे, त्या युद्धाच्या दिवसांत सरकारच्या सैन्यासाठींहि माल काढीत होत्या. ८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस 'छोडो भारत' ठराव झाला, पुढारी पकडले गेले, आणि कोतवाल भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्यानें त्यानंतर मनोऱ्यांवर हात घातला.

वीज कोणाची, हा प्रश्न त्यापूर्वीं वीस वर्षें घाटाच्या वरच्या अंगास निघाला होता. मुळशीच्या धरणाखालीं जाणाऱ्या गांवांनीं १९२१ सालीं 'जान किंवा जमीन' म्हणत सत्याग्रह मांडला. सेनापति बापट त्यांचे पुढारी. १९२४ पर्यंत लढा टिकला आणि मोडला. धरण झालें, त्याच्या पाण्यावर १९२७ सालीं भिऱ्याचें वीजगृह चालूं लागलें. जमिनी मावळच्या शेतकऱ्यांच्या गेल्या आणि दिवे मुंबईंत लागले. अशा शेतकऱ्यास प्रगतीचा शत्रु ठरविणें सोपें असतें. प्रगतीची पंगत बसली तेव्हां त्याचें पान कोठें मांडलें होतें, हें कोणी विचारीत नाहीं.

तथापि एक गोष्ट मोकळेपणानें बोलली पाहिजे. गिरणी थांबली म्हणजे मालकाचा नफा बुडतो, तशी मजुराची रोजीहि बुडते. आणि तो मजूर बहुधा कोंकणांतला नाहीं तर घाटावरचाच. निष्ठेची किंमत निष्ठावंत एकटाच भरतो असें नाहीं. दस्त्याचे पोवाडे गातांना हा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. तो मांडावा, म्हणजे कोतवालांपुढची निवड किती कठीण होती हेंहि कळेल.

त्या काळीं दुसरीहि एक निष्ठा बाळगली जात होती, तिचें नांव राजनिष्ठा. तिच्यासाठीं रावसाहेब, रावबहादूर अशा पदव्या मिळत. ही मंडळी आगगाडी, टपाल, तारायंत्र आणि कालवे यांची यादी वाचून विचारीत कीं, एवढी सुधारणा करणाऱ्या सरकारशीं द्रोह कसा करावा ? येथें तर प्रगतीच निष्ठेची साक्षीदार म्हणून उभी केली जाई, आणि स्वराज्याची वाट अडे. निष्ठा खरोखर कोठें आड आली असेल तर ती येथें.

२ जानेवारी १९४३ रोजीं मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडाच्या रानांत पोलिसांनीं दस्त्यास गांठलें. गोळीबारांत भाई कोतवाल आणि हिराजी पाटील मृत्यु पावले. कोतवालांस तीस वर्षें पुरीं होऊन महिनाच लोटला होता. त्या तारखेस सिद्धगडावर अजूनहि लोक जमतात.

मनोरे पुन्हां उभे राहिले. भिवपुरीचीं चक्रें आजहि फिरत आहेत, आणि मुंबईसाठीं डोंगरावरून उतरविलेलें तें पाणी वीज देऊन झाल्यावर पेज नदींत येतें. त्यामुळें पेज भर उन्हाळ्यांतहि आटत नाहीं, आणि जो कर्जतचा शेतकरी पूर्वीं पावसाच्या एका पिकावर बसून राही, तो त्या पाण्यावर आतां उन्हाळी भातहि काढतो.